सेल्फ लागेपर्यंत

“टक्.”

एवढाच आवाज आला. ह्यांनी किल्ली मागं घेतली, पुन्हा फिरवली. पुन्हा तेवढंच. कुणीतरी जिभेनं टाळू वाजवावी तसं. जीप जागची हलली नाही.

मी पुढच्या सीटवर, ह्यांच्या शेजारी बसले होते. ओच्यात आईनं भरलेली ओटी होती : तांदूळ, नारळ, खण, सुपारी. आई दारात तांब्या घेऊन उभी होती आणि तात्या गोठ्याच्या मेढीला धरून. निरोप घेऊन झाला होता. डोळे पुसून झाले होते. ‘पोचल्यावर कळवा’ म्हणून झालं होतं. जीप गेल्यावर काय करायचं ते प्रत्येकानं मनात ठरवून ठेवलं असणार. ती दारातच राहिली तर काय, हे कुणी ठरवलं नव्हतं.

“लागंना व्हय, पाव्हणं?” तात्यांनी विचारलं.

“लागंल की, मामा. गारठ्यानं आखडलीया.”

टक्.

“आखडली न्हवं, रुसलीया,” शेजारच्या बायनाकाकू कुडावरनं म्हणाल्या. त्या केव्हाच्या तिथं हनुवटी टेकून उभ्या होत्या. “चार बाप्ये बोलवा अन् द्या ढकलून. उतार तर हाय.”

उतार होता खरा. आमच्या अंगणापासनं ओढ्यापर्यंत वाट सरळ खाली जाते. मागनं थोडे हात लागले असते, तर जीप आपल्या पायानं उतरली असती आणि वाटेत कुठंतरी तिला जाग आली असती. पण आईनं तांब्या दाणकन खाली ठेवला.

“खबरदार! लेकीची गाडी माहेरानं ढकलायची न्हाई.”

“अगं, पण—” तात्या.

“पण न्हाई अन् बिण न्हाई. ढकलून काढली म्हणत्याल. आजवर ह्या वाडीतनं एकबी लेक ढकलून गेल्याली न्हाई.”

“मग शालनीला खाली घे,” काकू म्हणाल्या. “मोकळी जीप ढकला अन् खाली ओढ्यापाशी तिला बसवा.”

“लेकीचा पाय पडला की ती लेकीची गाडी झाली.”

“मंग जावयाला ढकलू दे.”

“जावयाला? काकू, तुमच्या जिभंला हाडबीड हाय का न्हाई?”

आमच्या खोऱ्यातली ही रीत. दुसरीकडं लोक हसतील. पण त्या दिवशी आईच्या शब्दापुढं कुणी गेलं नाही. एसटी सकाळीच निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी अवस होती. अवसेला लेक पाठवत नाहीत. दिवे लागायच्या आत मला सासरच्या दारात उतरायचं होतं. म्हणजे जीप दुरुस्त व्हायला पाहिजे होती, आणि ती ह्याच अंगणात.

मी उतरले आणि सवयीनं घराकडं वळले. आईनं हात आडवा धरला.

“ओटी भरून भाईर पडलीयास, बाळ. आज आता उंबरा चढायचा न्हाई.”

मग तिनं शेवग्याखाली एक पोतं टाकलं आणि मी त्यावर बसले. समोर माझं घर, बाजूला सासरची जीप. दोन्हीकडं जाता येत नव्हतं.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. जीप सुरू होईपर्यंत तात्या अंगणातून हलणार नव्हते, आणि मला त्यांच्या तोंडून एक गोष्ट ऐकायची होती.

मी बाळंतपणाला आले होते. पहिलंच. मुलगी झाली. पाचवी पुजायच्या आत गेली. तात्या आणि चुलते तिला माझ्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून घेऊन गेले आणि हात धुऊन परत आले. कुठं नेली, कुठं ठेवली, मला कुणी सांगितलं नाही. आमच्यात ती जागा आईला दाखवत नाहीत, सांगतही नाहीत. आईचा जीव तिथं अडकला तर पुढचं मूल टिकत नाही म्हणतात. घरातल्या दुसऱ्या बायांनाही सांगत नाहीत. चुलते आपल्या कामावर निघून गेले. राहिले तात्या. सव्वा महिना मी त्यांना विचारत होते. खोलीच्या दारातून विचारलं, अंगण झाडताना विचारलं. ते म्हणायचे, “वैरण टाकायची राहिली,” आणि गोठ्यात जायचे. आता निघाले की मी येणार ती पंचमीला. मधे रोहिणी, मृग, सगळी नक्षत्रं कोसळून गेलेली असणार. ओली माती भरून येते, वर गवत चढतं. मग तात्यांना तरी ती जागा सापडेल का, असं मला वाटायचं.

ह्यांनी तर तिला पाहिलंही नव्हतं. कोकणात कुणाची तरी वऱ्हाडं घेऊन गेले होते. निरोप पोचला तोवर सगळं होऊन गेलं होतं. मधे एकदा आले, ओसरीवर बसून चहा पिऊन गेले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं यायचं नसतं. आज सकाळी आले तेव्हा मला एवढंच म्हणाले, “आवरलं का?”

आमच्याकडं जात्यावर सगळ्याला ओवी आहे. लेक पहिल्यांदा सासरी निघाली तिला आहे, भाऊ मुराळी आला त्याला आहे, बाळंतीण पाळणा घेऊन निघाली तिला तर किती आहेत. रिकाम्या हातानं परत निघालेल्या बाळंतिणीला एकही नाही. आईनं आठवून बघितली असेल. पहाटे जातं थोडा वेळ नुसतंच फिरत होतं.

ह्यांनी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरंहिरवं खरकटं धरलं होतं. आईनं चुलीवरचं कढत पाणी आणून दिलं, त्यांनी ते ओतून टोकं घासली, आवळली. पुन्हा किल्ली. टक्.

“मामा, जरा पुढं उभं ऱ्हावा. दिवं लावतो. सांगा कसं दिसत्यात.”

तात्या जीपच्या तोंडासमोर जाऊन उभे राहिले, फोटो काढायला उभं राहावं तसे.

“दिसत्यात की. डोळ्यावर येतंय.”

“आता किल्ली मारतो. बारीक झालं का सांगा.”

टक्.

“न्हाई. हाय तस्संच.”

“मग बॅटरी चांगली हाय. सेल्फ गेलाय.”

“त्यो कोण?”

हे जरा हसले. आल्यापासनं पहिल्यांदाच. “इंजिन आपल्या आपण झोपंतनं उठत न्हाई, मामा. त्येला पहिला हिसका द्यायला खाली एक मोटार असती. बॅटरीवर फिरती. इंजिन उठलं की तिचं काम संपलं. तिला सेल्फ म्हणायचं.”

“आन ती झोपली तर तिला कोण उठवायचं?”

“हातोडा.”

मग तात्यांना ड्रायव्हरच्या जागी बसवलं. उभ्या आयुष्यात ते तिथं कधी बसले नव्हते. बैलाच्या कासऱ्यासारखी त्यांनी किल्ली दोन्ही हातांनी धरली. हे वाकून हातोडीच्या दांड्यानं खाली कुठंतरी ठोकत होते.

“फिरवा!”

टक्.

“धरून ठेवा. सोडू नका!”

ठोक, ठोक. आणि एकदम आतून काहीतरी घर्रर्र करून अर्धं वळलं. सगळं अंग शहारल्यासारखी जीप हलली. आईनं हात जोडले. तेवढ्यात ते पुन्हा बसलं. त्यानंतर कितीही ठोकलं तरी टक् सुद्धा आलं नाही.

“आतलं कार्बन झिजल्यात,” हे म्हणाले. “कोळशाच्या वड्या असत्यात आत, त्या घासत घासत वीज देत्यात. खोलायला लागंल.”

ते शर्ट काढून जीपखाली शिरायला लागले, तर तात्यांनी त्यांचा दंड धरला.

“तुमी न्हाई, पाव्हणं. जावई माझ्या अंगणात शेणामातीत लोळणार? वाडी काय म्हणंल? म्या जातो.”

“मामा, तुमाला काय कळणार त्यातलं?”

“तुमी वरनं सांगा. पाणकळ्यात गाय अडली तर आत हात घालून वासरू वळीवतो म्या. ह्ये काय लोखांड.”

आणि खरंच ते धोतर खोचून आत शिरले. हे वरनं बॉनेटमधून डोकावून सांगत होते.

“जाड वायर दिसती का? तिचा नट.”

“ह्यो?”

“त्यो न्हवं.”

“मंग ह्यो गोल?”

“मामा, त्यो तेलाचा! हात लावू नका त्याला!”

उशीर झाला होता. आतनं तात्यांचा आवाज आला, “आरं आरं आरं,” आणि ते बाहेर आले तेव्हा कपाळापासून मिशीपर्यंत काळं तेल ओघळलं होतं. बायनाकाकू कुडावर डोकं टेकून हसायला लागल्या. आई तोंडाला पदर लावून हसली. मीसुद्धा हसले. सव्वा महिन्यानं हसले आणि लगेच लाज वाटली.

शेवटी हे आत गेले. आईनं जुनी वाकळ त्यांच्या पाठीखाली सरकवली, तेवढंच तिला समाधान. आधी बॅटरीची वायर सोडवली, मग खालची जाड वायर, मग बोल्ट. वरचा बोल्ट हटून बसला होता. त्याच्यावर घासलेट टाकून ते वाट बघत तिथंच आडवे राहिले. बाहेरून फक्त पाय दिसत होते. मी त्या पायांकडं बघत होते. डाव्या टाचेला भेग पडली होती. मनात यायचं, उठून जावं, पायाशी बसावं आणि म्हणावं, हिचे पायसुद्धा तुमच्यासारखेच होते हो, अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब. पण अंगणात आई होती, तात्या होते, कुडावर काकू होत्या. नवऱ्याशी बोलायला एवढ्या लोकांमधनं वाट कुठनं काढायची?

बोल्ट सुटला. सेल्फ बाहेर आला. आईच्या कळशीच्या गळ्याएवढा जाड, काळा, जड लोखंडी गोळा. ह्यांनी मागचं झाकण उघडलं. आतून काळी भुकटी पडली. कोळशाच्या वड्या नखाएवढ्या उरल्या होत्या आणि मधला तांब्याचा गाभा जळून काळाठिक्कर पडला होता.

“गेलाय ह्यो,” हे म्हणाले. “ह्येच्यात आता काय जीव राहिला न्हाई.”

बोलून गेले आणि थांबले. तात्या दुसरीकडं बघायला लागले. आई आत गेली. मी ओच्यातले तांदूळ मुठीत घट्ट धरले.

बायनाकाकूंनीच विषय बदलला. “आमची अशीच जीप हाय की उभी! न्हवऱ्यानं घेतल्याली. त्येच्यामागं कुणी हात लावला न्हाई. त्यातनं काय लागंल ती मोटार काढून न्या. फकस्त मागच्या शीटवर खुडूक बसलीया माझी, तिला उठवू नका. अंडी वाया जात्याल.”

“काकू, पैसं—” हे म्हणायला लागले.

“गप बसा. ती कोंबडी भाडं देती का मला?”

हे पाने घेऊन काकूंच्या मागं गेले. आई चुलीपाशी. अंगणात मी आणि तात्या दोघंच राहिलो. तात्या खाली बसून नट-बोल्ट फडक्यानं पुसत होते. एकेक पुसून जवळच्या पाटावर ओळीनं मांडत होते, पूजा मांडल्यासारखे.

मी उठून त्यांच्यासमोर बसले.

“तात्या.”

“हं.”

“आता निघंल जीप.”

“निघंल.”

“मग सांगा ना.”

त्यांनी पुसलेला बोल्ट पुन्हा उचलला, पुन्हा पुसायला लागले.

“मी जाणार न्हाई तितं. कुणाला म्हणणार न्हाई. नुसतं सांगा, वरच्या अंगाला का खालच्या? उगवतीला का मावळतीला? निजताना तिकडं तोंड करून निजंन, तेवढंच.”

“वैरण टाकायची राहिली,” तात्या म्हणाले.

“वैरण मघाशीच टाकलीसा. माझ्यासमोर.”

ते उठले होते, तसेच उभे राहिले. हातातलं फडकं त्यांनी एकदा ह्या हातात घेतलं, एकदा त्या.

“शालन, दुसरं काय बी माग.”

“दुसरं काय मागू?”

“गाय माग. शेत माग. माझं पाय धर म्हण, धरतो. ह्ये नगं मागू. पुढचं नीट व्हावं म्हणून सांगत न्हाई. बाप हाय म्हणून सांगत न्हाई.” त्यांच्या कपाळावर अजून तेल होतं. ते पुसायला म्हणून त्यांनी फडकं तोंडावर धरलं आणि बराच वेळ काढलं नाही.

पुढं सासरी गेल्यावर कधीतरी, दळताना, माझ्या तोंडून आपोआप आलं होतं :

बापाजीचं मन जसं, विहिरीचं खोल पाणी
वाकून किती पाहू, तळ सांगेना गं कुणी.

सासूबाईंनी विचारलं, ही ओवी कुठली? मी म्हटलं, आमच्याकडची.

हे परत आले तेव्हा काकूंच्या जीपमधला सेल्फ त्यांच्या काखेत होता आणि त्यावर कोंबडीची पिसं चिकटली होती. घासलेटनं धुतला. मग तो अंगणात ठेवला, वरून पाय दिला आणि बॅटरीच्या वायरी त्याला लावल्या. लोखंडाचा तो गोळा पायाखाली उसळून घणघणला. अंगणातली दोन कुत्री पळाली.

“हां!” तात्या म्हणाले. “ह्यो जिता हाय.”

“वरचा बोल्ट बसवताना खालनं कुणीतरी उचलून धरायला लागंल,” हे म्हणाले.

“मग चला की.” आणि ह्या खेपेला तात्यांनी जावयाला अडवलं नाही, स्वतःच शेजारी आडवे झाले. आता वाकळेवर दोन जोड पाय बाहेर दिसत होते. एक धोतराचे, एक पँटचे.

मी पोतं जीपच्या जवळ ओढून घेतलं. का म्हणून कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, ऊन फिरलंय, शेवग्याची सावली सरकलीय. कुणी विचारलं नाही.

“वर धरा, मामा. जड हाय.”

“धरलंय.”

“जरा डावीकडं. आता बोल्ट हातानंच शोधायचा. दिसत न्हाई.”

लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. मग तोही थांबला.

“मामा.”

“हां.”

“नाक कुणावाणी हुतं?”

खाली दोघांचे पाय हलायचे थांबले.

“तुमच्यावाणी,” तात्या म्हणाले. “बसकं.”

हे हसले का रडले, मला कळलं नाही. नुसता एक श्वास बाहेर आला.

“अन् केस?”

“लई हुतं. काळं भोर. कपाळापत्तुर.”

मला विचारलं असतं तर मी दिवसभर सांगितलं असतं. केस उजवीकडं वळलेले होते. कानाच्या पाळीला लव होती. जांभई देताना ती एक डोळा मिटायची. तात्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी तिला पाहिलं ते येता-जाता, आणि मग एकदाच नीट.

“कुठं ठिवलीया तिला?”

तात्यांनी एक पाय जवळ ओढला.

“मामा, मी बाप हाय. मला तरी सांगा.”

“शालनीला कळता कामा न्हाई.”

“माझ्या तोंडातनं जाणार न्हाई.”

“असं न्हवं. शपथ घ्या.”

“माझं हात वर अडकल्यात, मामा. तुमच्या हातातबी सेल्फ हाय. तशीच घेतो. शालनीला तोंडानं कदी सांगणार न्हाई.”

मग तात्यांचा आवाज खाली गेला. मी पुढं वाकले. ओच्यातला नारळ घरंगळू लागला तो मांडीनं दाबून धरला. ‘आपल्या’ एवढा शब्द आला. पुढं ‘खाली’ का ‘काठी’ असं काहीतरी. आणि नेमकी आई चहा घेऊन आली.

“शालन, च्या घे गं. अन् त्यास्नी इचार, भाईर येत्यात का तसाच आत देऊ?”

मी हातानं तिला गप्प राहायला खुणावलं. तिला समजलं नाही. “काय? कमी साकर घातलीया का म्हणून?” तिनं विचारलं. तोवर खालचं बोलणं संपलं होतं. फक्त तात्यांच्या पायाची बोटं आत वळलेली दिसत होती, गार पाण्यात पाय टाकल्यावर वळतात तशी.

“काय पाहिजे का?” मी जीपखाली वाकून विचारलं.

एक काळाकुट्ट हात बाहेर आला.

“बारका पाना दे.”

मी दिला. कुणाचा हात होता तेही सांगता आलं नसतं, इतका तो तेलानं माखला होता. पाना घेताना त्यानं माझी बोटं दाबली, आणि आत गेला.

पहिल्या किल्लीला नुसती करकर झाली, दातावर दात बसेना. हे पुन्हा खाली गेले, सगळं ढिलं केलं, हलवून बसवलं, आवळलं. आता ते काही बोलत नव्हते. तात्याही बोलत नव्हते. आई मात्र बोलत होती : पोचल्यावर पाणी तापवून अंघोळ कर, कानाला बांध, गार खाऊ नकोस. एवढं सगळं ती कुणाला सांगत होती कोण जाणे. मी पुन्हा पुढच्या सीटवर बसले. पाय वर घेतला तेव्हा वाटलं, आता विचारायला कुणी उरलं नाही.

“बोला, देवाचं नाव घ्या,” तात्या म्हणाले.

ह्यांनी किल्ली फिरवली. घर्रर्र, आणि इंजिन उठलं. धुराचा लोट शेवग्यावर गेला. काकूंनी टाळ्या वाजवल्या. आईनं चाकावर पाणी ओतलं. तात्या माझ्या बाजूला आले, दाराच्या पत्र्यावर हात ठेवला. तेलाचे पाच बोटांचे ठसे उमटले. “जा,” म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही. जीप अंगणातून निघाली, आपल्या बळानं निघाली, कुणी ढकलली नाही.

उतारावरनं हे हळू चालवत होते. इतकं हळू ते कधी चालवत नसत. मी विचारलं नाही. ओढा आला. पाणी पायघोट्याएवढंच होतं. ओलांडून पलीकडच्या चढाला लागलो, जिथं आमच्या सगळ्यात खालच्या शेताची कड वाटेला येऊन मिळते. तिथं एक करंज आहे. करंजाच्या अलीकडंच ह्यांनी जीप बाजूला घेतली आणि किल्ली मागं फिरवली.

इंजिन बंद झालं. एकदम सगळं ऐकू यायला लागलं. पाणी, पाखरं, माझ्या बांगड्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“काय न्हाई.” ते समोर बघत होते. “जुना सेल्फ घातलाय. तापल्या इंजिनावर लागतोय का, एकदा बघायला पाहिजे. पुढं घाटात अडचण नको.”

ते उतरले. बॉनेट उघडून वर टेकवलं आणि त्याच्यामागं जाऊन उभे राहिले. मला त्यांचं तोंड दिसेना. फटीतनं फक्त हात दिसत होते, इंजिनाच्या कडेवर ठेवलेले. त्या हातांत पाना नव्हता. ते काहीच करत नव्हते.

तेव्हा मी डावीकडं बघितलं.

करंजाच्या मुळाशी, शेताच्या कडेला, बोरीच्या काट्यांच्या फांद्या रचल्या होत्या. त्यांच्याखाली दगड होते. लहानसंच रचलेलं, पाटाएवढं लांब. आमच्याकडं उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून शेताला दगडाची ताल घालतात. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. तात्या मोठा दगड बसवला की त्याच्या फटीत बारीक चिप घालतात, ती हलत नाही ना बघतात, मग दुसरी घालतात. खोऱ्यात कुठंही त्यांची ताल मी लांबून ओळखते. ह्या दगडांच्या फटीफटीत चिपा होत्या. काही तर सुपारीएवढ्या. एवढ्या बारीक चिपा त्यांनी शेताच्या तालीला कधी घातल्या नव्हत्या. पाणी जाऊ नये, वारा जाऊ नये, मुंगी जाऊ नये, असं ते रचलेलं होतं.

उतरायचं मला सुचलं नाही. मी बघत होते. उगवतीला करंज, मावळतीला ओढा. वर थोडं आभाळ. काट्यांवर एक टोळ बसला होता, तो उडाला.

बॉनेटमागं मधेच ह्यांनी नाक ओढलं. मग पुन्हा नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. बॉनेट खाली आलं. हे येऊन बसले, डोळे लाल होते. त्यांनी करंजाकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. आजपर्यंत, एवढी वर्षं झाली, पुढं दोन मुलं झाली, मोठी झाली, तरी त्या जागेबद्दल त्यांनी तोंडातनं एक शब्द काढलेला नाही. पंचमीला मला न्यायला-आणायला आले की करंजापाशी गाडी बंद करतात, बॉनेट उघडतात, काहीतरी बघतात.

त्यांनी किल्लीला हात घातला आणि तसेच बसले.

“लावू?” त्यांनी विचारलं.

त्या सबंध दिवसात मला काय हवंय असं कुणी विचारलं असेल तर एवढंच. नको म्हणायचं होतं. घाट होता, ऊन उतरत होतं, सासूबाई दारात दिवा घेऊन उभ्या राहणार होत्या. मी हो म्हणून मान हलवली.

मनात म्हटलं, नको लागू रे. एवढ्या खेपेला नको लागू.

ह्यांनी किल्ली फिरवली. सेल्फ लागला.